मधपेटी वाकडी का झाली?

तिफणीचा एक फण बोटभर सरकला की काय होते, हे देशावरच्या शेतकरी बंधूंना मी सांगायला नको. पेरताना काही कळत नाही. रान उगवून आले की एक ओळ जवळ आणि एक लांब दिसू लागते, आणि खरे नुकसान होते ते कोळपणीच्या वेळी. कोळप्याची पास ठरल्या रुंदीची. ती जवळ आलेल्या ओळीतली रोपे कापीतच पुढे जाते. नोकरीच्या सुरुवातीला मी सोलापूर जिल्ह्यात होतो. तेथे एका वयस्क सुताराने बांधावर उभे राहून, तिफण डोळ्यांनी न पाहता, "मधल्या फणाची पाचर ढिली झालीय" असे सांगितलेले मी ऐकले आहे. पेरणाऱ्याचा हातच वाकडा पडला नसेल कशावरून, असे मी विचारले. तो म्हणाला, "हाताची चूक कुठंबी व्हती, साहेब. ही बघा, दर तीन वळींनी तीच हाय."

त्या सुताराची ही नजर मला गेल्या भाद्रपदात कळंबोलीला उपयोगी पडली, आणि तीही संगणकाच्या हुकुमावर चालणाऱ्या एका यंत्रापाशी.

कळंबोली म्हटले की बहुतेकांना लोखंड बाजार आठवतो. पनवेलच्या अलीकडे, जिथून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो, तेच हे गाव. रात्रंदिवस ट्रकांची वर्दळ. माझी ताई या गावात नांदायला आली तेव्हा तिच्या सासरची भातखाचरे नवी मुंबईसाठी संपादित होऊन गेली होती, तरी पडवीत नांगर टांगलेला होता. १९८४ सालच्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, ज्यात पाच शेतकरी हुतात्मा झाले, त्यात भावोजी होते. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्या भूखंडातून आलेले काही पैसे आणि बँकेचे कर्ज मिळून माझ्या भाच्याने लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला एक गाळा घेतला आणि त्यात सीएनसी राउटर बसवला. भावोजी त्या यंत्राला अजून "आपली जमीन" म्हणतात. थट्टेत म्हणतात, पण ऐकणाऱ्याला थट्टा वाटत नाही.

हे यंत्र काय असते ते थोडक्यात सांगतो. आठ फूट लांब, चार फूट रुंद असे एक भक्कम टेबल. त्याच्यावरून आडवा एक लोखंडी पूल लांबीच्या दिशेने मागेपुढे सरकतो. कारागीर त्याला गँट्री म्हणतात. पुलावर एक मोटार डावीउजवीकडे सरकते आणि तिच्या तोंडाशी फिरणारे पाते लाकूड कोरते. कुठे किती सरकायचे, हे संगणक आकड्यांनी सांगतो. आकड्यांनी यंत्र चालवायची ही कल्पना अमेरिकेत निघाली. हेलिकॉप्टरची पाती अचूक कापता यावीत म्हणून जॉन पार्सन्स नावाच्या गृहस्थाने ती मांडली, आणि १९५२ साली एमआयटी या संस्थेत तसे यंत्र चालवून दाखविले गेले. तेव्हा हुकूम भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर असत. आज गावोगावच्या फर्निचरच्या दुकानात दरवाज्यावरची वेलबुट्टी आणि देव्हाऱ्याची जाळी अशाच यंत्रावर निघते. आपल्यापैकी कितीतरी घरांतली आयटीआय झालेली मुले अशा यंत्रांवर कामाला आहेत, म्हणून हा विषय शेतीच्या माणसाने लिहिला तरी वावगा नाही.

आता मधपेटीकडे येऊ. ताईच्या जावेचे माहेर कर्जत तालुक्यात. तिथल्या एका वाडीतल्या महिला बचत गटाने मधमाशा पाळायचे ठरविले. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, त्याची बातमी या बायकांनी ऐकली होती. आपल्या रानात हिरडा आहे, जांभूळ आहे, कारवी आहे. मग आपल्याला का जमू नये, असा त्यांचा सवाल. गटाने साठवलेल्या पैशांतून वीस पेट्यांची ऑर्डर भाच्याला दिली आणि अर्धे पैसे आगाऊ दिले. पावसाळा ओसरून रान फुलायच्या आत, म्हणजे दिवाळीपर्यंत, पेट्या हव्या होत्या.

पेटी म्हणजे काही नुसते खोके नव्हे. आत लाकडी चौकटी टांगलेल्या असतात आणि त्यांवर माशा पोळे बांधतात. चौकट आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये माशीला चालायला वाट ठेवावी लागते. या वाटेचे महत्त्व अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याने १८५१ साली ओळखले आणि त्यावरच आजची हलत्या चौकटींची पेटी उभी आहे. त्याच्या विलायती माशीला ही वाट सुमारे साडेनऊ मिलिमीटरची लागते. आपली सातेरी अंगाने लहान, तिला सात ते नऊ पुरे. वाट रुंद झाली की माशा तिथे फालतू पोळे बांधून चौकट भिंतीला चिकटवून टाकतात. मग चौकट उचलताना पोळे फाटते, मध गळतो, माशा चिडतात. वाट अरुंद झाली तर माशीला तिथे जाताच येत नाही, आणि जिथे माशीची गस्त नाही तिथे मेणकिडा घर करतो. सातेरी स्वभावाने मानी. पेटी पसंत पडली नाही तर एके दिवशी सगळी वसाहत उडून जाते, मागे रिकामे खोके. म्हणून चार मिलिमीटरची चूक दरवाज्यात खपते, पेटीत खपत नाही.

भाच्याने आधी एक नमुना करून दिला. तो इतका नेटका होता की बायका खूष झाल्या. मग तक्ते लावून बाकीचा माल कापला, आणि जोडणीच्या वेळी निम्म्या पेट्यांत चौकटी एका अंगाला सरकून बसू लागल्या. एका बाजूला चार मिलिमीटर फट, दुसऱ्या बाजूला अकरा-बारा. गटाच्या दोघीजणी माल बघायला आल्या होत्या. त्या बोलल्या काही नाहीत, पण जाताना जावेजवळ म्हणाल्या की नमुना एक दाखविला आणि माल दुसरा दिला. हे शब्द फिरून भावोजींच्या कानावर गेले. ज्या घराने जमिनीच्या मोबदल्यासाठी उभे आयुष्य भांडण्यात घालविले, त्या घराला लबाडीचा बोल लागणे म्हणजे काय, ते मी सांगायला नको. त्या दिवशी भावोजी जेवले नाहीत. ताईने मला फोन केला, "भाऊ, तू माशांचं बघायला येणारच होतास ना, तर उद्याच ये."

मी गेलो तेव्हा गाळ्यात पाच जणांची पाच मते होती. यंत्र ज्याच्याकडून घेतले त्याच्या माणसाने फोनवरच निदान केले होते की डाव्या बाजूची मोटार आणि तिचा ड्रायव्हर गेला, बदला. खर्च चाळीस हजारांच्या घरात. शेजारच्या गाळ्यातला म्हणत होता की दुपारी विजेचा दाब पडतो. कामावरचा पोरगा म्हणत होता की उन्हाने मोटार तापते, कारण सकाळचे काम बरे येते आणि दुपारचे वाकडे. कोणी म्हणाले लाकूडच दमट आहे. आणि माझ्या भाच्याने एकाच दिवसात पाते बदलले होते, वेग कमी केला होता आणि संगणकातला मोटारीच्या पावलांचा आकडाही फिरवून पाहिला होता.

हे ऐकून मला कापसाची आणि मिरचीची शेते आठवली. पान आकसले की दुकानदाराकडून तीन औषधे आणून एकाच पंपात मिसळून मारायची. पीक सुधारले तर कोणत्या औषधाने ते कळत नाही. बिघडले तर तेही कळत नाही. मी भाच्याला म्हटले, "अरे, आता चहा होईपर्यंत कशालाच हात लावू नकोस. आधी पान कुठलं पिवळं पडलंय ते बघू." भुईमूग पिवळा पडतो, पण खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी, आणि शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहत असतील तर लोह कमी. पिवळेपणा दोन्हीकडे आहे, पण औषध वेगळे.

सुदैवाने तक्ता कापून उरलेली जाळी, म्हणजे फळ्या निघून गेल्यावर राहिलेला भोकाभोकांचा सांगाडा, भिंतीला टेकून ठेवलेला होता. मी म्हटले, जोडलेल्या पेट्या उसकट आणि प्रत्येक फळी जिथून निघाली त्या भोकात परत बसव. पोराने कुरकुर केली, पण तासाभरात सगळा तक्ता पुन्हा मांडून झाला. मग प्रत्येक फळीवर चौकट टेकायची खाच काठापासून किती अंतरावर आहे ते खडूने लिहीत गेलो. उजव्या अंगाच्या फळ्या बरोबर होत्या. मधल्या ओळीत दीड-दोन मिलिमीटरचा फरक. डाव्या अंगाला साडेतीन-चार. दर तीन ओळींनी तीच चूक, तसे हे.

भाचा शहाणा आहे. आकडे पाहताच तो म्हणाला, "मामा, तक्ता हलला असता तर सगळीकडे फरक पडला असता." खरेच होते. लाकूड सरळ सरकले असते तर उजवीकडेही तेवढीच चूक दिसली असती. कोपऱ्यावर फिरले असते तर रुंदीची मापेही बिघडली असती, आणि रुंदीत एक मिलिमीटरचाही फरक नव्हता. पाते झिजले असते किंवा त्याची जाडी संगणकात चुकीची भरली असती तर प्रत्येक फळी, लहान असो वा मोठी, सारखीच कमी-जास्त भरली असती. मोटारीच्या पावलांचा आकडा चुकला असता तर चूक लांबीच्या प्रमाणात वाढली असती: फुटाला एक तर चार फुटांना चार. डावीकडे चूक, उजवीकडे नाही आणि मध्ये अर्धी, याचा अर्थ पूलच तिरका होत होता. बैलजोडीतला एक बैल मागे पडला की औत तिरके होते तसा.

पण मग नमुना सरळ कसा आला? याचे उत्तर कामाच्या क्रमात होते. संगणक आधी सगळ्या तक्त्यावरच्या खाचा कोरतो आणि शेवटी एकेक फळी बाहेरून कापून मोकळी करतो. नमुना एकाच पेटीचा, वीस मिनिटांत संपला. पूर्ण तक्त्याला दोन तास लागतात. खाचा कोरताना पूल काटकोनात होता आणि बाहेरची कड कापेपर्यंत त्याची डावी बाजू मागे पडलेली होती. रात्री यंत्र बंद करताना पोरगा पूल हाताने मागच्या टेकणांपर्यंत ढकलून ठेवी, म्हणून सकाळी तो पुन्हा सरळ. सकाळी बरे, दुपारी वाकडे, याचे कारण ऊन नसून चाललेले तास असावेत, असा माझा कयास होता. कयासावर चाळीस हजार वाचत नाहीत. तेव्हा तपासून पाहिले.

आंब्याची बाग चौरस आखताना आपण तीन-चार-पाचची दोरी वापरतो. एका बाजूला तीन मीटर, दुसरीला चार, आणि तिरके पाच भरले की कोपरा काटकोन. दापोलीला शिकत असताना ही दोरी धरून मी ऊन खाल्लेले आहे. तेच इथे केले. जुन्या पातळ तक्त्यावर यंत्राकडूनच तीन बारीक भोके पाडून घेतली: एक कोपऱ्याचे, एक रुंदीच्या दिशेने ९०० मिलिमीटरवर, एक लांबीच्या दिशेने १२०० वर. तिरके अंतर १५०० भरायला हवे. (पोलादी टेपच्या टोकाचा आकडा जरा ढिला असतो, म्हणून शून्यापासून न मोजता शंभराच्या खुणेपासून मोजावे आणि शंभर वजा करावेत. हे गवंडीही करतात.) पूल टेकणांपर्यंत ढकलून, भर दुपारी अडीच वाजता, पंखा बंद ठेवून मोजले. बरोबर १५००. म्हणजे उन्हाचा दोष नव्हता. मग लाकूड काढून टाकले, पाते वर उचलले, आणि तोच कार्यक्रम रिकामाच तासभर पळविला. पुन्हा तीन भोके. तिरके अंतर १४९७ आणि वर अर्धा. लाकूड नाही, पात्यावर भार नाही, तरी अडीच मिलिमीटर गेले. लाकूड आणि पाते, दोघे निर्दोष सुटले.

उरली डावी बाजू. या पुलाला दोन्ही टोकांना एकेक मोटार असते. मोटारीच्या दांड्यावर छोटे दातेरी चाक, आणि ते टेबलाच्या कडेच्या दातेरी पट्टीवरून चालते. चाक दांड्यावर पक्के राहावे म्हणून त्याला आडवा ग्रब स्क्रू असतो, आपल्या पाचरीचे काम करणारा. मोटार फिरते आहे आणि चाक तेवढे फिरत नाही, असे होत असेल तर ते डोळ्यांना दिसणे कठीण. ताई चहा घेऊन आली होती. सगळे ऐकून म्हणाली, "मग खूण करा की. सुनेचा नेलपॉलिश आणू का?" दोन्ही बाजूंना दांड्यापासून चाकापर्यंत एकेक लाल रेघ ओढली आणि यंत्र पुन्हा अर्धा तास पळविले. उजवीकडची रेघ अखंड होती. डावीकडची तुटून दोन तुकडे झालेली, मध्ये जवारीच्या दाण्याएवढे अंतर. भाच्याने किल्ली लावली तर स्क्रू हातानेच पाऊण वेढा फिरला. मोटारही शाबूत, तिचा ड्रायव्हरही.

चाक काढले, दांडा तेल पुसून कोरडा केला. स्क्रू दांड्याच्या गोल भागावर टेकलेला होता. तो सपाट केलेल्या भागावर आणून बसविला, आटे न सुटण्यासाठी मिळतो तो डिंक लावला आणि जोडीला दुसरा स्क्रू घातला. उजवीकडेही तेच केले. खर्च सांगायला लाज वाटावी इतका थोडा. भाच्याने फिरवलेला पावलांचा आकडा पूर्वीवर आणायचा होता, तो कुणालाच आठवेना. अखेर यंत्र बसविले त्या दिवशी पोराने मोबाइलवर काढलेल्या फोटोत सापडला. आता तो आकडा भिंतीवर रंगाने लिहिलेला आहे. दुसऱ्या दिवशी दोन तास यंत्र चालवून मोजले, १५०० भरले.

एवढ्याने सगळे दोष संपतात असे नव्हे. कोकणातल्या पावसात रुळांवर गंज चढतो, भुसा ओला होऊन दातेरी पट्टीत बसतो आणि पूल अडखळतो. तेव्हा कापात एकदम पायरी पडते आणि पुढचे सगळे काम तेवढ्याने सरकलेले राहते. स्क्रूत आणि नटात ढिलाई आली तर गोल काढताना चार ठिकाणी सपाट बसतो. टेबलाचा वरचा तक्ता फुगला तर खाच कुठे खोल, कुठे उथळ येते. दमट लाकडाबद्दल बोलणारा गृहस्थ अगदीच चुकीचा नव्हता. मधपेटीचे लाकूड चांगले वाळलेले आणि उग्र वास नसलेलेच हवे, नाहीतर यंत्राने सरळ कापलेली फळी आठ दिवसांत आपणहून वाकते. पण त्या दिवशीचा आजार तो नव्हता.

वाकड्या फळ्यांचा खर्च भाच्याने आपल्या अंगावर घेतला. भावोजींचे म्हणणे पडले की नुसत्या नव्या पेट्या पाठवू नका, त्या बायकांना इथे बोलवा आणि त्यांच्यासमोर कापा. त्याप्रमाणे सात-आठ जणी आल्या. भाच्याने त्यांना तुटलेली लाल रेघ दाखविली, कारण नवी रेघ ओढताना त्याने जुनी पुसली नव्हती. मी आठ मिलिमीटर जाडीची एक गुळगुळीत काठी करून घेतली होती, ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी प्रत्येक पेटीत, प्रत्येक बाजूने ती घालून पाहिली. दोन पेट्यांत जरा घट्ट गेली म्हणून त्या बाजूला काढायला लावल्या आणि भाच्याने त्या जागीच घासून दिल्या. गटातली सर्वांत वयस्क बाई शेवटपर्यंत काही बोलली नव्हती. निघताना तिने भावोजींना विचारले, "ही काठी आम्हाला न्यायला मिळंल का?" काठी त्यांच्याकडेच आहे. वाकड्या फळ्यांची ताईने कोंबड्यांची खुराडी करून घेतली, त्यात मिलिमीटरचा हिशेब लागत नाही.

पेट्या दिवाळीआधी चार दिवस वाडीत पोचल्या. मार्गशीर्षात मी गेलो तेव्हा वीसपैकी तेरा पेट्यांत सातेरी नांदत होती आणि चौकटी बोटाने उचलल्या तरी सुटून येत होत्या. दोन पेट्यांतल्या वसाहती उडून गेल्या होत्या, मुंग्यांमुळे. त्या दोन घोडींच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या राहून गेल्या होत्या. उरलेल्या पाच पेट्यांसाठी झाडांच्या ढोलीतल्या वसाहती शोधायला बायका रोज सकाळी रानात जात होत्या.